रायफल घेण्याआधी

कांजूरमार्ग (पूर्व), मुंबई

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. टेबलावर टेकवून कागदाच्या एकाच भोकातून पाच गोळ्या काढता येतील आणि सुट्टीत देवरुखला गेलास की भातात घुसणारी डुकरंही मारता येतील, अशी जाड नळीची ‘व्हार्मिंट’ रायफल तुला हवी आहे. नळीची जाडी, पीळ, दुर्बिणीची ताकद, सगळं तू लिहिलंस. ती हातात घेऊन तू उभा कुठे राहणार आणि गोळी शेवटी कशात जाणार, एवढंच लिहायचं राहिलं. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण बनवणारा कारागीरही तिथूनच सुरुवात करतो.

ही रायफल अमेरिकेच्या उघड्या माळरानांची. मोंटाना, वायोमिंगकडे प्रेअरी डॉग नावाचा खारीच्या कुळातला प्राणी बिळं करून वस्तीने राहतो. त्याला मारायला जाणारा माणूस गाडीतून टेबल उतरवतो, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवतो आणि दोनशे-तीनशे मीटरवरच्या हातभरही नसलेल्या जिवावर दिवसभर गोळ्या झाडतो. जाड नळी त्यासाठी असते. बार उडतो तेव्हा नळी थरथरते. जाड नळी कमी थरथरते, आणि लागोपाठच्या गोळ्यांनी तापली तरी गोळी पडण्याची जागा लवकर सरकत नाही. पातळ नळीची शिकारी रायफल तीन-चार बारांत तापते आणि नेम भरकटतो. पण शिकाऱ्याला त्याने फरक पडत नाही. त्याला थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी बरोबर लागायला हवी असते. दुसरीची संधी मिळतेच असं नाही.

टेबलावरच्या नेमबाजीचा पुढे स्वतंत्र खेळ झाला. त्या बेंचरेस्ट स्पर्धांत साडेदहा पौंडांच्या वर्गाला ‘लाइट व्हार्मिंट’ आणि साडेतेरा पौंडांच्या वर्गाला ‘हेवी व्हार्मिंट’ म्हणतात, म्हणजे पावणेपाच किलो आणि सहा किलोंहून थोडं जास्त. नावात शिकार उरली आहे, पण त्या रायफली घेऊन रानात कोणी जात नाही. त्यांचा चाप इतका हलका असतो की बोट टेकलं की बार उडावा. टेबलावर, नळी समोरच्या मातीच्या बंधाऱ्याकडे असताना ते चालतं. करवंदीच्या जाळीतून वाट काढताना, पाय घसरताना, पुढे सोबती चालत असताना तसा चाप जीव घेईल. म्हणून रानातल्या रायफलीचा चाप मुद्दाम जड ठेवतात.

दुर्बिणीचंही तसंच. छत्तीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण कागदावरचं भोक दाखवते. तीच रात्री तीस पावलांवरच्या डुकरावर धरलीस तर काळे केस दिसतील. डोकं कुठे, खांदा कुठे, मागे कोण उभं आहे, काहीच कळणार नाही. आणि त्या रायफलीसाठी बनवलेल्या गोळीचं आवरण पातळ असतं. लहान जिवावर आपटताच तिचे तुकडे व्हावेत अशीच ती घडवलेली असते. डुकराच्या खांद्याच्या जाड कातडीत ती वरच्यावर फुटेल आणि जखमी जनावर जाळीत शिरेल. सकाळी लाकडं आणायला जाणाऱ्या बाईची गाठ त्याच्याशी पडेल. मला या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत गंभीर वाटते. जनावर मारणं हा तुझा निर्णय असेल, पण अर्धवट मारून सोडण्याचा हक्क कोणालाच नाही.

तू पुढे लिहितोस की मोठी नाही मिळाली तर पॉइंट टू-टू चालेल. नाही चालणार. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, डुकरासाठी फारच दुबळी. आणि चुकली तर किलोमीटरपलीकडे जाणारी. मऊ शिशाची ती गोळी जांभ्यावर आपटली की कुठे उसळेल याचा भरवसा नाही. आपल्या वाडीत घरं कुठे कुठे आहेत ते डोळ्यांसमोर आण.

आता कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे आता हौसेची शिकार उरलेली नाही. कावळे, उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं यांची उपद्रवी प्राणी म्हणून पूर्वी पाचव्या अनुसूचीत यादी होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. आता एखादा प्राणी ठरावीक भागापुरता आणि ठरावीक काळापुरता उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला तसं जाहीर करावं लागतं, जसं काही वर्षांपूर्वी बिहारात नीलगाईचं आणि उत्तराखंडात रानडुकराचं केलं होतं. तशी घोषणा नसताना पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारचं होतं. गावात जे परस्पर चालतं, त्यात तू पडू नकोस.

घरात तुझ्या आजोबांची, अण्णांची, ठासणीची बंदूक आहे म्हणशील, तर तिचा परवाना शेतीसंरक्षणाचा आहे आणि अण्णांच्या नावावर आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला अण्णा स्वतः जातात, तू पाहिलंच आहेस. नातू म्हणून ती तुझी होत नाही. तू एकोणीस वर्षांचा आहेस. स्वतःच्या परवान्याला एकवीस पूर्ण लागतात. रेंजवर मात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आजही शिकता येतं, आणि साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवानाच लागत नाही. म्हणून ती घेऊन गच्चीवर कबुतरं मारायची असा अर्थ कोणी काढू नये; इथे कांजूरला चाळीसमोर चाळ, इमारतीसमोर इमारत आहे, प्रत्येक खिडकीत माणूस आहे.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे: जूनमध्ये कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला येशील तेव्हा दहा मीटर एअर रायफलने सुरुवात कर, आणि पहिलं वर्ष स्वतःची काहीही घेऊ नकोस. तुला हे पोरकट वाटेल हे मला माहीत आहे. पण त्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. टेबल नाही, पिशवी नाही, दुर्बीण नाही. साडेपाच किलोंपर्यंतची रायफल उभ्याने, डाव्या हाताच्या हाडांवर तोलून धरायची आणि दोन श्वासांच्या मधल्या शांततेत चाप ओढायचा. जाड नळी टेबलावर जे स्थैर्य देते, ते इथे तुझ्या पायांना, कंबरेला आणि मनाला द्यावं लागतं.

पन्नास मीटरची पॉइंट टू-टू त्यानंतर. तिला आठ किलोंपर्यंत वजन चालतं आणि तिची नळीही जाडच असते, म्हणजे तुझी हौस तिथे रीतसर पुरी होईल. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर याच प्रकारात, गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही अवस्थांत मिळून 451.4 गुण करत ऑलिम्पिक कांस्यपदक घेतलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला झोपून मारण्याच्या प्रकारात 600 पैकी 597 गुणांनी जगज्जेतेपद मिळवलं होतं. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या, आणि त्या संजय चक्रवर्ती सरांच्या शिष्या. नेमबाज सुमा शिरूरही सरांच्याच. एका माणसाने खांदा कसा लावायचा ते शिकवलं आणि ते हातातून हातात इतक्या दूर गेलं. अशा माणसाच्या नजरेखाली मिळालेलं एक वर्ष कुठल्याही जर्मन नळीपेक्षा मोलाचं आहे. अन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ या रायफली उत्तम आहेत, लाखांत जातात, आणि तुझा हात, मान, गालाचं हाड यांची मापं स्थिरावण्याआधी घेतल्या तर तुला बसणार नाहीत. दस्ता शरीराला जुळवावा लागतो आणि तुझं अंग अजून भरतं आहे.

टेबलाचा उपयोग तेव्हाही आहे. रायफल आवळून बसवायची आणि निरनिराळ्या लॉटची काडतुसं झाडून कोणत्या लॉटचा जमाव, म्हणजे भोकांचा पुंजका, लहान येतो ते पाहायचं. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो. ती परीक्षा रायफलीची आणि काडतुसाची; तुझा हात त्यात येऊ द्यायचाच नसतो. टेबलावर जमाव लहान आला म्हणून आपण नेमबाज झालो असं मानणारी चांगली मुलं मी तिथेच थांबलेली पाहिली आहेत.

येण्याजाण्याचाही विचार कर. कांजूरला स्लो लोकलच थांबते. दादरला उतरून वरळीला बस, तिथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज. सकाळच्या गर्दीत रायफलची पेटी घेऊन ते रोज जमत नाही. रेंजवरचीच रायफल वापरायचा आग्रह मी धरतो त्याला हेही एक कारण आहे. येण्याआधी महिनाभर रोज उभ्याने तोल धरायचा सराव कर. पाठ आणि पोट तयार असलं की पहिले आठवडे दुखण्यात जाणार नाहीत.

राहिली डुकरं. अण्णांचं नुकसान खरं आहे आणि तुझा राग मला समजतो. नासाडी झाली की त्याच दिवशी फोटो काढ, वनरक्षकाला कळव, पंचनामा करून घे आणि भरपाईचा अर्ज तू स्वतः भर, अण्णांना ते ऑनलाइन जमत नाही. आणि पुढच्यासाठी सौर कुंपण घालू; त्याचा झटका बसतो पण जीव जात नाही. घरातल्या विजेची तार मात्र कोणी बांधाला लावत असेल तर त्याला थांबव, त्याने माणसं मेली आहेत. कुंपणाचा खर्च किती येतो ते विचारून मला कळव. रायफलीसाठी म्हणून मी तुझ्या नावाने काही रक्कम बाजूला ठेवली आहे. त्यातली यंदा कुंपणाला देऊ.

ताईला नमस्कार, अण्णांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा