अभ्यासनिबंध : विषय आणि विधान

साहित्याच्या विद्यार्थ्याचा निबंध बहुधा लेखकाच्या जन्मसालापासून सुरू होतो. ह. ना. आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीवर लिहिताना १८६४ हे साल, १८९० मध्ये सुरू झालेले 'करमणूक' आणि सुधारणावादाची पार्श्वभूमी यांत दोन-तीन पाने खर्ची पडतात. मग कथानक येते आणि अखेरीस 'स्त्रीदुःखाचे वास्तव व हृदयस्पर्शी चित्रण' असा निर्वाळा दिला जातो. यातील एकही वाक्य चुकीचे नसते. परंतु कादंबरी न वाचताही ते सारे लिहिता येते, ही खरी अडचण आहे.

अशा लेखनात विषय असतो, विधान नसते. 'आपट्यांचा वास्तववाद' हा विषय झाला. विधान म्हणजे दुसऱ्या वाचकाला पुराव्यानिशी हरकत घेता येईल असे म्हणणे. संहितेकडे प्रश्न घेऊन गेल्याखेरीज ते हाती लागत नाही. या कादंबरीची कथा यमू स्वतः सांगते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मात्र सांगणारी यमू आणि जिच्याविषयी ती सांगते ती लहानगी यमू यांच्यात वयाचे व अनुभवाचे मोठे अंतर आहे, याची दखल क्वचितच घेतली जाते. बालपणीचे प्रसंग सांगताना निवेदिका त्या मुलीच्या समजुतीपुरतीच थांबते, की पुढे कळलेले मध्येच घालते? एवढा एकच प्रश्न मनाशी धरून आरंभीची प्रकरणे पुन्हा वाचली, तर हे वास्तव कोणाच्या नजरेतून आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावरून दिसते, याविषयी काही निश्चित बोलता येते. मग 'करमणूक'चा उल्लेखही शोभेपुरता राहत नाही; क्रमशः प्रसिद्धीचा निवेदनाच्या घडणीशी कितपत संबंध आहे, हे तपासताना तो उपयोगी पडतो.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. जोडलेल्या पुरवण्या पाहून गुण देणारा परीक्षक आणि तयार टिपणे उतरवून देणारा अध्यापक यांनीच त्याला हे वळण लावलेले असते. त्यापेक्षा वर्गात एका पानाचा निबंध लिहून घ्यावा. त्यात एकच विधान, त्याला आधार देणारे दोन उतारे आणि त्याच्या विरोधात जाणारा निदान एक उतारा असावा. हा तिसरा उतारा शोधतानाच बहुतेकांना आपले मूळ विधान बदलावे लागते. प्रस्तावना त्यानंतर लिहावी.