डी-१ वरचा हत्ती

बरीच वर्षे बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळलो. चाली मोजण्याबद्दल जे काही हाती लागले, ते बहुतेक हरलेल्या डावांतूनच.

१. आधी बिनजोर मोहरे शोधा, दोन्ही बाजूंचे. ज्या मोहऱ्याला कुणाचा जोर नाही, ज्या राजाला पळायला घर नाही, तिथेच डावपेचाची शक्यता असते. हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. पण घड्याळ धावू लागले की आधी हेच राहून जाते.

२. शह, मार, धमकी, याच क्रमाने पाहा. समोरच्याचेही. तो आपल्या सोयीचे उत्तर देईल असे धरून चालू नका. मी मनातल्या मनात पट फिरवतो आणि काळ्याच्या बाजूने बसतो.

३. मनातला मोहरा जुन्याच घरात राहतो. सांगलीच्या एका स्पर्धेत मी चार चालींचा बेत रचला. पहिल्याच चालीत डी-१ वरचा हत्ती ई-१ ला जाणार होता. तिसऱ्या चालीला मात्र माझ्या हिशेबात तोच हत्ती अजून डी-पट्टी राखत होता! प्रतिस्पर्ध्याचा वजीर सरळ डी-२ वर उतरला. उंट आणि घोडा दोन्ही एकदम माऱ्यात. त्या रात्री झोप आली नाही. रशियन ग्रँडमास्टर आणि मानसशास्त्रज्ञ निकोलाय क्रोगियस यांनी नेमक्या याच चुकीवर लिहिले आहे, हे पुढे कळले तेव्हा फार धीर आला. आता दर दोन चालींनंतर थांबतो आणि मनातला पट पुन्हा मांडतो: कोण कुठून उठला, कोण कुठे बसला, कुठली पट्टी उघडी पडली.

४. कोडी मोहऱ्यांना हात न लावता सोडवा. रिचर्ड रेटी यांची १९२१ची रचना घ्या. पांढरा राजा एच-८, प्यादे सी-६. काळा राजा ए-६, प्यादे एच-५. काळे प्यादे हातचे गेले असे वाटते, तरी पांढरा बरोबरी करतो. राजा तिरका चालला तरी तेवढ्याच चालींत खाली पोहोचतो, आणि वाटेत स्वतःच्या प्याद्याजवळही येतो. शेवटपर्यंत मोजायला मला तीन संध्याकाळी लागल्या. अ‍ॅपवर अंदाजाने दाबलेल्या पन्नास कोड्यांनी मला एवढे दिले नाही.

५. मारामारी आणि शह संपेपर्यंत मोजणे थांबवू नका. मग हात मांडीवर ठेवून नवख्याच्या नजरेने पाहा: ही चाल खेळलो, तर पुढच्याच चालीत माझे काय जाते?