फाटक बंद होण्याआधी

फाटक कायमचं बंद होतं त्या दिवशी लोक रस्त्यावर येतात, निवेदनं देतात, आमदारांना फोन लावतात. तोवर वेळ गेलेली असते. आमच्याकडे उड्डाणपुलाचं उद्घाटन झालं, पेढे वाटले गेले आणि लगोलग फाटकाच्या जागी भिंत उभी राहिली. लाइनीपलीकडच्या वस्तीला हा दगाफटका वाटला. प्रत्यक्षात फाटक बंद करायची संमती पूल मंजूर होतानाच कागदोपत्री दिली गेली होती. अशा पुलाच्या खर्चात रेल्वे आपला वाटा उचलते तो फाटक बंद होणार या बोलीवर. उद्घाटनाच्या कोनशिलेवर ही बोली कोणी कोरत नाही.

म्हणून ज्यांच्या गावात अजून फाटक आहे त्यांना सांगतो, लक्ष ठेवा ते मोजणीवर. दिवसभरात जाणाऱ्या रेल्वेगाड्या आणि फाटक ओलांडणारी वाहनं यांचा गुणाकार करतात, त्याला टीव्हीयू म्हणतात. हा आकडा १ लाखावर गेला की फाटक खर्चवाटपाच्या पुलासाठी पात्र ठरतं. मोटार असो की बैलगाडी, एक धरतात, रिक्षा अर्धी. पायी चालणारा माणूस या हिशेबात नाहीच.

आमच्याकडे मोजणी झाली ती दिवाळीच्या सुट्टीत. गेटमनच्या केबिनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला एक पोरगा तक्त्यावर रेघा ओढत होता. ट्रक आला, रेघ. रिक्षा आली, रेघ. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई दांड्याखालून वाकून गेली, तेव्हा त्याने मानही वर केली नाही. तिच्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. शाळा बंद, ऊसतोड सुरू व्हायची होती. फाटकावर खरी झुंबड उडते ती या दोन्हींमुळे. पुढे पूल झाला तो वाहनांचा. त्याला जिना नाही, पदपथ नाही, आणि शाळकरी पोरांनी वळसा घालायचा तो ट्रकच्या बाजूने. मग भिंतीला भगदाड पडलं. आता तिथून जाणाऱ्यावर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

पायी माणसांची मोजणी नगरपरिषदेने स्वतंत्र करावी, अशी मागणी लेखी द्या. शाळा चालू असताना, बाजाराच्या दिवशी, हंगामात. तो आकडा ठरावात घाला आणि इतिवृत्ताची प्रत घरी ठेवा. सभेत नुसतं बोललेलं कामाला येत नाही. आमच्या नगरसेवकांनी जिन्यासाठी घसा कोरडा केला, पण ठरावात त्याचा शब्द नव्हता.

दुसरा कागद म्हणजे पुलाचा आराखडा. जीएडी म्हणून मागा, माहिती अधिकारात मागा. रुळांवरच्या भागाकडे कोणीही बोट दाखवेल; तुम्ही बघा पूल कुठे उतरतो आणि खाली सेवा रस्ता किती रुंद उरतो. आमच्याकडे तो इतका अरुंद राहिला की घंटागाडी आत गेली की उलटीच बाहेर काढावी लागते. अग्निशमनाचा बंब तर तोंडाशीच थांबतो. रुळांवरचा गाळा एकाने बांधायचा आणि पोहोचरस्ते दुसऱ्याने, अशी विभागणी असेल तर दोघांच्या नकाशातल्या उंच्या जुळतात का हे विचारायला लाजू नका. अंधेरीत २०२४ च्या फेब्रुवारीत गोखले पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. मुंबईत हे होतं, तर तालुक्याचं काय घेऊन बसलात!

पोहोचरस्त्याची जागा विकास आराखड्यात आरक्षित आहे का, हेही आत्ताच बघा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की सूचना-हरकतींना ३० दिवस मिळतात, आणि ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात असते. आरक्षण पडलं म्हणजे रस्ता झाला असंही नाही. १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. मग पूल तयार आणि उतरायला जागा नाही, अशी गत.

पुलाऐवजी भुयारी मार्ग देतो म्हणाले, तर लगेच हुरळून जाऊ नका. पावसाळ्यात त्याचं तळं होतं. भरल्या उसाच्या ट्रॉलीची उंची टेपने मोजा आणि आराखड्यातल्या उंचीशी ताडून पाहा. पाणी कुठल्या नाल्यात सोडणार, त्या नाल्याचा तळ भुयाराच्या तळापेक्षा खाली आहे का, हे अभियंत्याला जागेवर उभं करून विचारा. पंप बसवू म्हणाले, तर पंपाचं वीजबिल कोण भरणार, रात्री वीज गेल्यावर जनरेटर सुरू करायला माणूस कोणाच्या पगारपत्रकावर असणार आणि गाळ कोण काढणार, हे सगळं कामाच्या आदेशाआधी लेखी घ्या. रेल्वे नगरपरिषदेकडे बोट दाखवते, नगरपरिषद बांधकाम खात्याकडे, आणि पाणी कंबरेपर्यंत आलेलं असतं.