गोदामापुढचे अंगण आणि पारदर्शक इपॉक्सी

गोदाम कापडाचे असो, भांड्यांचे असो की लाकूडकामाचे, त्याच्यापुढे माल चढविण्या-उतरविण्याची मोकळी जागा असतेच. पाच-दहा वर्षांत तिचा कोबा उंचसखल होतो. हातगाडीचे चाक अडकते, पावसात डबकी साचतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे पाणी नाल्याकडे जायचे सोडून उंबरठ्याकडे वळते. खालच्या थरातील गाठींना एकदा ओल लागली की तो माल पुन्हा पहिल्या भावात विकला जात नाही, हे कापडवाल्यास सांगावयास नको.

या दुखण्यावर अलीकडे एक उपाय सुचविला जातो. टेबलावर ओततात ती काचेसारखी पारदर्शक इपॉक्सी अंगणात ओता, ती आपोआप पसरून सपाट होईल, वर चमकही येईल. मोबाईलवर चित्रे पाहून आलेले तरुण कारीगर अशी कामे अंगावर घेऊ लागले आहेत. त्यांच्या मेहनतीविषयी शंका नाही. परंतु व्यापारी बंधूंनी पैसा घालण्यापूर्वी आणि कारीगर बांधवांनी जबान देण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

इपॉक्सी आपोआप सपाट होते हे खरे आहे, आणि उघड्यावर अडचणही तीच आहे. पातळ पदार्थ पाण्याप्रमाणेच आपली पातळी शोधतो. अंगणाला ढाळ असेल तर ओतलेला माल खालच्या बाजूस वाहून जाईल आणि वरचे खड्डे अर्धे रिकामे राहतील. कडेला पट्टी लावून अडविला तर अंगण तबकासारखे होईल, ज्यावर पडलेले पाणी कुठेच जाणार नाही. मोकळ्या जागेत सपाट फरशी आपल्याला नकोच असते, एकसारखा ढाळ हवा असतो. साधारण १०० ला १ असा ढाळ धरतात, म्हणजे दर १० फुटांना सव्वा इंच. ओतून होणाऱ्या कोणत्याही मालाने हा ढाळ मिळत नाही. तो गवंड्याच्या पट्टीने आणि रंध्यानेच मिळतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. दुकानाच्या शोकेसमध्ये ताग्याची जी घडी उन्हाकडे असते तीच फिकी पडते. नेहमीच्या इपॉक्सीची तीच गत आहे. सूर्यकिरणांतील अतिनील भाग तिच्या रेणूंवर परिणाम करतो, ती आधी पिवळी पडते, मग वरचा थर खडूसारखा भुरभुरा होऊ लागतो. रंगीत इपॉक्सीत हा दोष काही काळ झाकला जातो, पारदर्शक मालात तो लगेच दिसतो. शिवाय पारदर्शक म्हणजे खालचे सारे दिसणारच. तेलाचे डाग, जुन्या चिरा आणि थिगळे काचेखाली ठेवल्यासारखी कायम होतात.

याहून मोठे कारण उष्णतेचे आहे. ऊन तापले की प्रत्येक वस्तू फुगते, पण निव्वळ इपॉक्सी काँक्रीटच्या चार ते पाच पट फुगते व आकसते. पातळ थर हा ताण सहन करतो, पाऊण-एक इंचाचा थर करीत नाही. मग कडेपासून पापुद्रे सुटतात. सुटलेला तुकडा उलटा करून पाहावा. पुष्कळदा त्याच्या पाठीला काँक्रीटची साय चिकटलेली असते. म्हणजे इपॉक्सीची पकड सुटली नाही, तिने खालची जमीनच उपटली. अशा वेळी माल नकली होता असा आरोप होतो आणि व्यवहारात कटुता येते, पण माल अस्सल असला तरी हेच घडते. साध्या, घरच्या तापमानात घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा कडकपणाही ५० ते ६० अंशांच्या आसपास कमी होऊ लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील उघडी फरशी तितकी सहज तापते.

आता पैशाचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर माल, हे सूत्र कारीगराने पाठच करावे. समजा अंगण २० फूट बाय १५ फूट आहे, म्हणजे ३०० चौरस फूट, सुमारे २८ चौरस मीटर. खोलगटपणा सरासरी १० मिलिमीटर धरला तर २८० लिटर माल लागेल. इपॉक्सीचा लिटर सुमारे १ किलो १०० ग्रॅम भरतो, म्हणजे ३०० किलोंहून अधिक. आपल्या बाजारातील किलोचा भाव विचारून गुणाकार करावा. तेवढीच पोकळी एकास तीन सिमेंट-रेतीच्या मसाल्याने भरली तर सिमेंटच्या ३ गोण्या आणि सुमारे १० घनफूट रेती पुरते. बहुतेकांचा निर्णय येथेच होतो.

मग करावे काय? आधी जमीन का खचली ते पाहावे. भराव नीट ठोकला नसेल तर ती एकदा बसून थांबते. पण खाली काळी माती असेल तर ती दर पावसाळ्यात फुगते, दर उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर कोणतेही थिगळ टिकत नाही. तेथे पेव्हर ब्लॉक बरे. खचला भाग उचलून, कच पसरून तेच ब्लॉक परत बसविता येतात.

जमीन स्थिर असेल तर अंगणावर दोन-चार बादल्या पाणी ओतून थोडा वेळ थांबावे. जेथे पाणी उरते त्या डबक्यांभोवती खडूने रेघ मारावी आणि पट्टी बुडवून खोली मोजून तेथेच लिहावी. हाच आपला नकाशा. फरशी सुकली की लोखंडी सळईने ठोकत जावे. जेथे पोकळ आवाज येतो तेथील थर फोडून काढल्याशिवाय वर काही घालू नये. या कामात आळस करणारा गवंडी पुढची सारी मेहनत मातीत घालतो. नाल्यापासून उंबरठ्यापर्यंत लेव्हल ट्यूबने खुणा करून दोरी बांधावी, म्हणजे ढाळ डोळ्यांना दिसतो.

खड्ड्यांच्या कडा छिन्नीने उभ्या, निदान अर्धा इंच खोल कापाव्यात. कडेला शून्यावर आणलेला मसाला चाकाखाली आधी तुटतो. टेंपोचे तेल सांडलेले असल्यास ते धुऊन भागत नाही, तो पृष्ठभाग खरवडावा लागतो. टाचे मारून, धूळ काढून, फरशीला पाणी पाजावे, पण पाणी वर साचू देऊ नये. मग एसबीआर लॅटेक्स आणि सिमेंटचा पातळ लेप घासून लावावा आणि तो ओला असतानाच वर मसाला घालावा. लेप वाळला तर तो जोडण्याऐवजी वेगळा थर बनतो. एक इंचाहून खोल जागी बारीक खडीचे काँक्रीट वापरावे. जुने सांधे बुजवू नयेत, नाहीतर चीर त्याच रेषेत पुन्हा वर येते. शेवटचा हात लाकडी रंध्याचा असावा, वाटल्यास वर झाडूची रेघ ओढावी. पोलादी थापीने घोटलेला गुळगुळीत कोबा पावसात घसरतो. हीच गोष्ट मशिदीच्या सहनाला आणि वुझूच्या जागेला लागू आहे. तेथे चकचकीत इपॉक्सी पाहिली की मला ओल्या पायाच्या वृद्ध नमाजींची काळजी वाटते.

याचा अर्थ इपॉक्सी वाईट आहे असा नाही. छपराखाली, गोदामाच्या आत, यंत्राच्या पायाखाली, काँक्रीटच्या चिरा भरण्यास तिच्यासारखे दुसरे काही नाही. जाड थर द्यायचा तर तिच्यात कोरडी क्वार्ट्झ रेती मिसळतात, त्याने खर्चही घटतो आणि फुगणेही. उघड्यावर लहान थिगळ द्यावेच लागले तर तेही असेच रेतीचे असावे आणि वर उन्हास टिकणाऱ्या ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा हात द्यावा. नवे काँक्रीट निदान २८ दिवसांचे हवे. ओल तपासण्यास दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवावे. खाली थेंब दिसले किंवा फरशी काळवंडली तर काम पुढे ढकलावे, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावरच मोजावे. हार्डनर जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर घट्ट होते हा समज पॉलिस्टरच्या कामातून आला आहे. येथे दोन्ही भाग एकमेकांशी ठराविक प्रमाणात जोडले जातात आणि जादा राहिलेला भाग चिकटच राहतो. मिसळलेला माल बादलीत पडून राहिला तर स्वतःच्याच उष्णतेने तापतो, कधी धूरही येतो, म्हणून लहान घाणी करावी. हातमोजे सोडू नयेत. हाताला लागलेली इपॉक्सी थिनरने पुसू नये, साबणाने धुवावी. तिची ॲलर्जी एकदा जडली की मग थोड्या स्पर्शानेही त्वचा उठते, आणि तो कारीगर या धंद्यातून बाहेर पडतो. डब्यावरची माहिती बहुधा इंग्रजीत असते. आपण उर्दू-मराठीवाल्यांनी ती कोणाकडून तरी वाचून घ्यावी, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

सिमेंटच्या कामावर दुसऱ्या दिवसापासून ओले गोणपाट टाकून ७ दिवस पाणी मारावे. लॅटेक्स मसाल्यातही मिसळले असेल तर डब्यावर लिहिले असेल तितकेच. हातगाडी आठवड्यानंतर चालवावी, भरलेला टेंपो २८ दिवसांपूर्वी आत घेऊ नये. तोवर गाठी रस्त्यावरच उतरवून हमालांच्या पाठीवरून आत न्याव्या लागतील, ती मजुरी कामाच्या खर्चात आधीच धरावी.