नाण्याएवढा तुकडा

चि. ओंकार,


काल व्हिडिओ कॉलवर रूममेटच्या टेबलावरचा तो नाण्याएवढा धातूचा तुकडा तू हसत हसत दाखवलास, आणि मला रात्रभर झोप नाही. ‘बंदूक थोडीच आहे आत्या, नुसता पार्ट आहे,’ म्हणालास. फौजदारी कोर्टात उभा जन्म काढलाय मी, म्हणून सांगते: अमेरिकेच्या कायद्यात तो ग्लॉक स्विच, म्हणजे पिस्तुलातून सलग गोळ्या सुटाव्यात म्हणून बसवायचा तुकडा, हीच मशीनगन आहे. पिस्तुलाला बसवलेला नसला, घरात पिस्तूलच नसलं, तरीही. १९३४ सालच्या कायद्याची व्याख्या १९८६ मध्ये वाढवली, तेव्हा केवळ रूपांतरासाठी बनवलेला सुटा भागही तीत आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यानंतरची मशीनगन सामान्य माणसाला बाळगताच येत नाही. दहा वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. तू राहतोस त्या टेक्सासमध्ये २०२१ पासून विनापरवाना पिस्तूल घेऊन फिरता येतं, हे खरं. पण हा गुन्हा फेडरल आहे, राज्याची सवलत इथे चालत नाही.

‘वस्तू त्याची, मला काय?’ असं मनात आणू नकोस. एकाच खोलीतली वस्तू, तुला ठाऊक असलेली, हात लांबवला की मिळणारी. एवढ्यावर सरकारी वकील तुझाही ताबा दाखवू पाहील. १९९४ च्या स्टेपल्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आपली रायफल मशीनगनसारखी चालते हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध करायला हवं. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव तुला उरलेला नाही. तो तुकडा काय करतो, हे काल तूच मला समजावून सांगितलंस.

त्यात तू एफ-१ व्हिसावर. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुला बंदूकच काय, एक गोळीही जवळ ठेवता येत नाही. अशा गुन्ह्यात दोषी ठरलास तर तुरुंगानंतर मायदेशी रवानगी होऊ शकते. दादा-वहिनींनी घर गहाण ठेवून तुला पाठवलंय रे.

त्या तुकड्याला हात लावू नकोस. फेकू नकोस, लपवू नकोस, गाडीतून कुठे नेऊ नकोस. रूममेटशी यावर मेसेजवर एक अक्षर बोलू नकोस. आजच दुसऱ्या मित्राकडे राहायला जा आणि सकाळी फौजदारी वकील गाठ. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मदत असेल तर तिथूनच नाव मिळेल. पोलिसांशी काय आणि कधी बोलायचं, ते तोच ठरवेल. फीची चिंता करू नकोस, मी पाठवते.

दादाला अजून काही सांगितलेलं नाही. वकिलाकडून बाहेर पडलास की फोन कर, इथे कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आत्या