पेन्सिलीनें पाहिलेली पेशी



कांद्याच्या पापुद्र्यांतील पेशी सूक्ष्मदर्शक यंत्रांतून तुम्ही पाहिल्याच असतील. त्या कितीही सुंदर दिसल्या तरी मागें उभ्या असलेल्या सोबत्यास आपण काय पाहिलें हें दाखवावयाचें तर कागद व पेन्सिल हातीं घ्यावी लागते. ही पेन्सिल शास्त्राची केवढी सेवा करूं शकते, हें स्पेन देशांतील सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या चरित्रावरून आम्ही येथें सांगणार आहों.

काहाल यांचा जन्म १८५२ सालीं झाला. बाळपणीं त्यांस चित्रें काढण्याचा विलक्षण नाद होता. वडील शस्त्रवैद्य, त्यांस हा निव्वळ कालापव्यय वाटे. मुलास वळण लागावें म्हणून त्यांनीं त्यास कांहीं काळ न्हाव्याकडे व जोडे शिवणाराकडे उमेदवारीस ठेविलें. पुढें मुलानें वैद्यकाचा अभ्यास पत्करिला. परंतु त्याचा हात चित्रकला विसरला नाहीं.

मेंदूंतील तंतु जाळ्याप्रमाणें एकमेकांत अखंड मिसळलेले आहेत, असें त्या काळीं पुष्कळ विद्वान् मानीत. इटलींतील गॉल्जी यांनीं १८७३ सालीं एक कृति प्रसिद्ध केली होती. तींत रौप्यक्षाराच्या योगानें असंख्य मज्जापेशींपैकीं थोड्याच काळ्या होतात. पण ज्या होतात त्या सर्व शाखांसह उठून दिसतात. सगळ्याच रंगल्या असत्या तर काळ्या डागाखेरीज कांहींच दिसलें नसतें.

१८८७ सालीं काहाल यांनीं या कृतीनें रंगविलेले काप पाहिले. त्यांनीं ती सुधारली आणि जें दिसलें तें रेखाटण्यास आरंभ केला. यंत्रांत एका वेळीं पेशीची एकच पातळी स्पष्ट दिसते. म्हणून अनेक पातळ्यांवर पाहिलेलें एका चित्रांत गुंफावें लागे. रेखाटतां रेखाटतां त्यांस आढळलें कीं, प्रत्येक शाखेस शेवट आहे. ती शेजारच्या पेशीस भेटते, पण तींत मिसळत नाहीं. हें त्यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलें.

स्पॅनिश भाषेंतील लेखांकडे परदेशांतील विद्वानांचें लक्ष जाईना. तेव्हां १८८९ सालीं ते स्वखर्चानें बर्लिनच्या परिषदेस गेले व आपले काप यंत्राखालीं मांडून त्यांनीं ते विद्वानांस दाखविले. वृद्ध प्राध्यापक केलिकर यांची ते पाहून खात्री पटली. १९०६ सालीं काहाल व गॉल्जी यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. तेव्हांही गॉल्जी आपल्या जाळ्याच्या मतास धरून होते! १९५० नंतरच्या दशकांत विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकानें पेशींमधील अंतर प्रत्यक्ष दाखविलें.

काहाल यांचीं अनेक चित्रें आज माद्रिद येथें जतन केलीं आहेत. २०१७ सालापासून त्यांतील निवडक चित्रें अमेरिका व कॅनडा येथील कलासंग्रहालयांत मांडलीं गेलीं. ज्यांनीं कधीं यंत्रास डोळा लाविला नव्हता, त्यांसही मज्जापेशीचें रूप पाहावयास मिळालें.

आतां एक कबुली देतों. वहींत पुस्तकांतील आकृति सुबक उतरविणाऱ्यास आम्हीं पूर्ण गुण दिले आहेत, आणि जें दिसलें तेंच वेडेंवांकडें काढणाऱ्याचे गुण कापले आहेत. हा दोष आमचा. मुलांनो, यापुढें पेशी जशी दिसेल तशीच काढा. न दिसलेली रेघ ओढूं नका. सत्य सांगण्याचा हाही एक मार्ग आहे.

पालकांस एवढीच विनंति कीं, मूल चित्र काढीत बसलेलें दिसलें तर त्याच्या हातची पेन्सिल काढून घेण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. देवानें दिलेलें दान जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण जाणतांच. दुसऱ्याचें दान पुरण्याचा दोष तरी आपणांकडे येऊं नये.