परिचारिका ते संशोधक : मॅडलिन लेनिंजर

नर्स झालं की शिक्षण संपलं, असं वाटतं ना? मग अमेरिकेच्या मॅडलिन लेनिंजर (१९२५–२०१२) यांचा प्रवास पाहा. १९५० च्या दशकात मानसिक त्रास असलेल्या मुलांची शुश्रूषा करताना त्यांना दिसलं, की संस्कृतीगणिक मुलांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. त्याचं उत्तर नर्सिंगच्या शिक्षणातून मिळेना, म्हणून त्या मानववंशशास्त्राकडे वळल्या. न्यू गिनीत गाडसुप लोकांमध्ये जाऊन राहिल्या आणि १९६५ मध्ये पीएच.डी. झाल्या. त्यातूनच 'ट्रान्सकल्चरल नर्सिंग' ही शाखा उभी राहिली.

म्हणजे नेमकं काय? समजा, एखादी बाळंतीण दवाखान्यातलं जेवण खात नाही. तिला हट्टी ठरवण्याआधी तिच्या घरची रीत विचारायची. (भरलेल्या वॉर्डात हे अवघडच!) रीत चांगली असेल तर जपायची, जमेल तिथे उपचारांशी जुळवून घ्यायची, घातक असेल तर बदलायची, पण तेही तिच्याशी बोलून.